डिकीतली लोखंडी पेटी

माझ्या बंदुकीतून गेल्या अकरा वर्षांत एकही गोळी सुटलेली नाही. तरी त्या बंदुकीनं मला जितकं दमवलं, तितकं सैन्यातल्या सतरा वर्षांनीही दमवलं नव्हतं.

लोणावळ्याच्या एका बँकेच्या शाखेत मी गनमॅन आहे. दहा ते सहा दारात उभं राहायचं, म्हाताऱ्यांना स्लिप भरायला मदत करायची, एटीएममध्ये अडकलेल्या कार्डांबद्दल लोकांची बोलणी खायची. लोकांना वाटतं बंदूक बँकेची असते. तसं नसतं. परवाना माझा, दुनळी बारा बोअर माझी, आणि ती सांभाळायची डोकेदुखीही माझीच. बँक ती रात्री ठेवून घेत नाही, मला कामाला लावणारी सिक्युरिटी एजन्सी तर दिवसासुद्धा ठेवून घेणार नाही. संध्याकाळी शटर पडलं की साहेब घरी, पैसे तिजोरीत आणि बंदूक माझ्या गळ्यात.

सैन्यात हे सोपं होतं. हत्यार कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, जमा करायचं, सही करायची आणि चहाला जायचं. पुढची काळजी पहारेकऱ्याची. इकडे कोतही मी आणि पहारेकरीही मीच. बायकोबरोबर एकदा बाजारात टोमॅटो घ्यायला गेलो तर मी टोमॅटोच्या गाड्यापाशी उभा राहून दर अर्ध्या मिनिटाला वळून गाडीकडे बघत होतो. ती म्हणाली, “पोटच्या पोरांना येवढं जपलं न्हाई तुमी.” खोटं नव्हतं ते.

आधी मी मोटरसायकलवर पाठीला बंदूक अडकवून जायचो. आमचं गाव कामशेतच्या आत, वडिवळ्याच्या वाटेवर. तिथून हायवेला लागलं की फिरायला आलेली पोरं गाडी शेजारी घेऊन माझे फोटो काढायची. एकानं तर “काका, एक पोज द्या ना,” म्हणून मला घाटात थांबवलं होतं. मग जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी घेतली तसा नवा घोर लागला. माणूस चोवीस तास गाडीत बसून राहू शकत नाही आणि गाडीला काच असते.

त्यावर उपाय माझ्या भाच्यानं काढला. भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, एकुलता एक मुलगा. तिशीचा, कामशेतला फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर. जाड पत्र्याची लांबट पेटी त्यानं बनवली आणि डिकीच्या तळाला भोकं पाडून, खालून वॉशर लावून बोल्ट मारले. वर डिकीची चटई टाकली की पेटी आहे हे कळायचंही नाही. बंदूक खोलून नळी वेगळी, दस्ता वेगळा, गोधडीत गुंडाळून आत ठेवायची आणि वर कुलूप. “मामा, गाडी चोरली तरच पेटी जाईल,” तो हसून म्हणाला होता. हात लय चांगला आहे त्याचा, वेल्डिंगमध्ये आपलं तोंड दिसेल असं वाटतं.

पेटी झाल्यावर मी माझे नियम केले. बंदूक पेटीत ठेवायची ती घरूनच, गाडी लावल्यावर चार लोकांसमोर डिकी उघडायची नाही. गाडी नजरेच्या टप्प्यात लावायची. काडतुसं गाडीत कधीच ठेवायची नाहीत. ती कमरेच्या चामडी पट्ट्यात, सदऱ्याच्या आत, माझ्या अंगावर. बंदूक एकीकडे, काडतुसं दुसरीकडे. आणि गाडीत बंदूक आहे हे कुणाला सांगायचं नाही. लग्नात लोक “बार काढा की पाव्हणं” म्हणून मागं लागतात. मी सरळ सांगतो की घरी ठेवलीय. अकरा वर्षं हे नियम पाळले, आणि खरं सांगतो, मला त्याचा जरा माजही होता.

मग दाजी गेले. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, भाच्याचे वडील. महिनाभर दवाखान्यात होते. त्या महिन्यातच त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे भाच्याच्या चुलत्यानं, धरणाकडच्या सामाईक भातखाचरांचा तुकडा एका बंगलेवाल्याला विकायला काढला आणि दवाखान्यात जाऊन दाजींच्या सह्या घेतल्या. दाजींनी समजून सह्या केल्या की गुंगीत, देव जाणे. भाच्याला ते कळलं बापाला अग्नी दिला त्या दिवशी. स्मशानातच त्यानं चुलत्याची कॉलर धरली. आम्ही चौघांनी सोडवलं.

त्याच दिवशी उन्हं कलताना तो आक्काच्या ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला.  मग म्हणाला, “मामा, तुमची बंदूक येका दिवसापुरती द्या मला.”

“डोकं फिरलं का तुझं?” मी म्हणालो.

“न्हाई फिरलं. त्याला गोळी घालतो आन् तुमची बंदूक पुसून देतो.”

मी त्याला झाडलं. बाप गेलाय, आईकडं बघ, असलं वेडंवाकडं तोंडातून काढू नकोस, वगैरे. मोठ्या माणसांनी बोलायचं ते सगळं बोललो. त्यानं मान खाली घातली आणि उठून गेला. मला वाटलं, रागाच्या भरात बोलला, विषय संपला. दमलेल्या माणसाला विषय फार लवकर संपल्यासारखे वाटतात.

दहाव्याचा दिवस शनिवारचा आला, आणि त्या शनिवारी बँक चालू होती. एजन्सीच्या सुपरवायझरला मी फोन केला, तर म्हणाला, बदली माणूस नाही, आधीच चार दिवस सुटी झालीय, अकरापर्यंत तरी या. म्हणजे सकाळी घाटावर विधी आटोपून तिथूनच लोणावळ्याला पळायचं. बंदूक घरी ठेवावी तर घराला कुलूप, कारण सगळे दहाव्याला. बँक उघडलेली नाही. घाटावर तर नेता येत नाही. राहिली गाडी. घरूनच पेटीत ठेवली, पट्टा कमरेला बांधला, वर पांढरा सदरा घातला आणि निघालो.

नदीकाठच्या घाटावर आठ वाजताच गर्दी झाली होती. आमच्याकडे लग्न चुकलं तर चालतं, दहावं चुकलेलं चालत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लागल्या होत्या. जागा मिळाली ती लांब, वळणाच्या पलीकडे, जिथून घाट दिसत नव्हता. एक नियम तिथेच मोडला.

मामा म्हणून माझं काम ठरलेलं होतं. पिंडाला कावळा शिवला, भाच्याची आंघोळ झाली की त्याच्या बोडक्या डोक्यावर टोपी मी घालायची. म्हणून भटजींनी मला पुढं, विधीच्या जागेजवळ बोलावलं. मी बसणार तोच त्यांनी माझ्या कमरेकडे बघितलं. वाकल्यावर सदरा वर गेला होता.

“चामडं चालायचं नाही इथं. काढून या.”

काढून कुठं ठेवू? पायऱ्यांवर ठेवला तर शंभर माणसांसमोर काडतुसांचा पट्टा. आक्काच्या पिशवीत ठेवावा तर पिशवीत फुलं, दर्भ, दाजींचा फोटो. विजारीचा पट्टाही चामड्याचाच निघाला. एका हातानं विजार धरून मी अनवाणी वळणापर्यंत चालत गेलो, डिकी उघडली, पेटीचं कुलूप काढलं आणि दोन्ही पट्टे बंदुकीशेजारी टाकले. दोनच मिनिटांचा तर प्रश्न, असं काहीतरी मनात म्हणालो असेन. अकरा वर्षांत पहिल्यांदा बंदूक आणि काडतुसं एका कुलपात गेली.

डिकी लावतोय तोच माझा साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, घाईघाईनं आला. “गाडी पुढं घ्यावी लागंल. खुर्च्यांचा ट्रॅक्टर वळंना झालाय. तुमी व्हा तिकडं, किल्ली द्या, मी घेतो.”

दहाव्याला, लग्नाला, जत्रेला आमच्याकडे किल्ली अशीच फिरते. ज्याची गाडी त्याला शोधत कोण बसणार? मी जुडगा त्याच्या हातात दिला. गाडीची किल्ली आणि पेटीची किल्ली त्याच जुडग्यात होती. वेगळी ठेवली की हरवते, एकदा हरवली होती, आणि कुलूप कापायला परत भाच्याच्याच दुकानात जावं लागलं होतं. त्यानंतर मी दोन्ही एकत्र ओवल्या होत्या.

विधी झाला. पिंड ठेवला. सगळे मागे सरकले. कावळे होते, समोरच्या उंबरावर दहाबारा तरी होते, पण एकही खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. एकानं हात जोडून सांगितलं, “आक्काची काळजी करू नका, आमी हावोत.” दुसरा म्हणाला, घराचं राहिलेलं काम पुरं करू. मी स्वतः म्हणालो, “दाजी, पोराला सांभाळतो मी.” कावळे ढिम्म. ऊन चढलं. माझं घड्याळ साडेनऊ दाखवत होतं आणि मी मनातल्या मनात लोणावळ्यापर्यंतचा वेळ मोजत होतो. माणूस गेला, आणि मी हजेरीचा विचार करतोय.

तेवढ्यात आक्का बोलली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “त्यांचा भाऊ आलेला न्हाई. कावळा कसा शिवंल?”

खरंच, चुलता आला नव्हता. कॉलरीचा प्रकार झाल्यावर कोण येईल?  भाचा ओल्या धोतरात पिंडासमोर बसला होता. त्यानं आईकडं बघितलं, उठला आणि पायऱ्या चढून गेला. कुणाला वाटलं लघवीला गेला असेल. मलाही तसंच वाटलं.

पाचसात मिनिटांनी वर रस्त्यावरून एक गाडी निघाल्याचा आवाज आला. माझ्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा सकाळी किंचाळतो. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. वर बघितलं तर साडू पायऱ्यांवर हात मोकळे सोडून उभा.

मी विजार सावरत वर गेलो. “किल्ली कुठाय?”

“भाच्याला दिली की. चुलत्याला घिऊन येतो म्हनला. म्हटलं बरं झालं, दोघांचं मिटतंय.”

त्या क्षणी पहिला विचार माझ्या परवान्याचा आला. हे लिहिताना लाज वाटते, पण आला. परवाना जाईल, नोकरी जाईल, ठाण्यात उभं करतील. दुसरा विचार भाच्याचा आला. पेटी त्यानं स्वतः बनवली होती, आणि नऊ दिवसांपूर्वी त्यानं माझ्याकडे बंदूक मागितली होती. काडतुसं मी त्याला शेजारीच ठेवून दिली होती, जुडग्यासकट.

भाच्याचा फोन आक्काच्या पिशवीत होता. साडूनं चुलत्याला दोनदा फोन लावला, उचलला नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगावं तर तिथल्या तिथं सगळ्या पंचक्रोशीत पोराचं नाव जाईल, आणि आक्का खाली बसलीय कावळ्याची वाट बघत. मी साडूला एवढंच म्हणालो, “मोटरसायकल काढ. काही इचारू नको.” मागं घाटावर भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, हे मला नंतर कळलं.

चुलत्याचं घर पवनेकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, चार-पाच किलोमीटर. शनिवारमुळे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही कडेच्या मातीतून, गटारातून, कसेही घुसत होतो. मी अनवाणी, एका हातात विजार, दुसऱ्या हातानं साडूचा खांदा धरलेला. एका गाडीतल्या बाईनं काच खाली करून “भैया, पवना लेक किधर?” असं विचारलं. साडूनं तिला नीट हात करून रस्ता दाखवला. मला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायचंही त्राण नव्हतं. कान मात्र बंदुकीच्या बाराची वाट बघत होते. बारा बोअरचा आवाज डोंगरावरून परत येतो, दूरपर्यंत ऐकू जातो. म्हणजे मला रस्त्यातच कळलं असतं.

काही ऐकू आलं नाही. त्यानंही बरं वाटेना. आवाज ट्रकांच्या हॉर्नमध्ये बुडून गेला असेल, असं वाटत राहिलं.

माझी गाडी चुलत्याच्या फाटकात नीट, तोंड रस्त्याकडे करून लावलेली होती. मी आधी डिकीला हात घातला. बंद होती. काचेतून बघितलं तर चटई विस्कटलेली. मी ती अशी कधी ठेवत नाही. साडूला तिथंच थांबवलं आणि आत गेलो.

अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर चुलता बसला होता. पन्नाशीचा माणूस, बनियनवर. दोन्ही हात मांडीवर, मुठी आवळलेल्या. चेहरा असा की आत्ताच कुणी विहिरीतून काढलंय. त्याच्या समोर, चार हातांवर, भाचा जमिनीवर मांडी घालून बसला होता. धोतर अजून ओलंच होतं, आणि हात रिकामे होते.

“मामा,” तो म्हणाला, “काडतुसं बी तितंच ठिवलीत तुमी.”

मी त्याच्या हातांकडे परत एकदा बघितलं.

“वाटंत चिंचंखाली गाडी लावली मी,” तो पुढं म्हणाला. आवाज अगदी साधा होता, दुकानात माप सांगावं तसा. “निघालो तवा काकालाच आणायला निघालतो, आईची शपथ. मग डिकीची याद आली. म्हटलं, बघू तरी. पेटी उघडली. बघितलं. लय वेळ बघत उभा ऱ्हायलो. मग लावली परत. पन किल्ली हातातच हुती ना मामा. किल्ली हाय तवर पेटी लावून काय उपेग?”

“मग?” मी विचारलं.

उत्तर चुलत्यानं दिलं, माझ्याकडे न बघता. “आला, आन् दारातच माझ्या हातात जुडगा दिला. म्हनला, काका, मागं मामाची बंदूक हाय, काडतुसं हायती. ही किल्ली तुमच्यापाशी ठिवा. मग बोलतो.” त्यानं उजवी मूठ उघडली. जुडग्याचे दात तळहातात रुतून लाल खळगे पडले होते. “तवापास्नं धरून बसलोय. बोलला न्हाई अजून काय.”

 आत त्याची बायको दाराआड उभी होती, पदर तोंडाशी धरून. माझी गोधडी, माझे बोल्ट, माझे नियम सगळे डोळ्यांसमोरून गेले आणि मला त्या पोरासमोर उभं राहवेना. मी फरशीवर खाली बसलो. पाय दुखत होते. खूप दिवसांपासून दुखत असावेत.

शेवटी भाचाच बोलला. “काका, घाटावर चला. कावळा शिवंना. खाचराचं मी सोडलेलं न्हाई, त्ये भांडनार मी. कोर्टात भांडंन. पन आज चला.”

चुलता उठला. खुंटीवरचा सदरा घातला, बटणं चुकली, परत लावली. आम्ही तिघं फाटकाबाहेर आलो. आता पट्टे काढायचे, काडतुसं अंगावर घ्यायची, बंदूक घरी नेऊन ठेवायची आणि आज लोणावळ्याला जायचं नाही, असं मी ठरवत होतो. गाडीपाशी पोचल्यावर मी चुलत्यासमोर हात पुढं केला.

त्यानं किल्ली दिली नाही. मूठ तशीच ठेवून त्यानं भाच्याकडं बघितलं.

“देऊ का ह्यांच्याकडं?”

सतरा वर्षं सैन्यात, अकरा वर्षं बँकेच्या दारात, परवान्यावर माझा फोटो, माझी सही. मी हात पुढं करून तसाच उभा होतो आणि माझीच किल्ली मला द्यायची की नाही हे तो भाच्याला विचारत होता. मला राग आला नाही. त्यानं बरोबर माणसाला विचारलं होतं. भाच्यानं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडं, धरलेल्या विजारीकडं, आणि मग होय म्हणून मान हलवली.